चपला काढून गोल्फ

गोल्फ हा खेळ मुरबाड तालुक्यात आला तो एस.टी.च्या टपावरून. शहापूर-मुरबाड सकाळची गाडी, टपावर मुरमुऱ्यांची दोन पोती, एक बोकड, आणि त्यांच्या मधोमध गोल्फच्या काठ्यांची लांबलचक पिशवी. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण ती पिशवी टपावर चढवली मी, उतरवली मी, आणि बोकडाने तिचा अर्धा पट्टा खाल्ला त्याचा लेखी खुलासाही कॉलेजला मीच दिला. कंडक्टरने विचारलं होतं, यात काय आहे? पिशवीवर विद्यापीठाचा शिक्का होता. मी म्हटलं, "विद्यापीठ." तो म्हणाला, "विद्यापीठाला सामानाचं तिकीट लागतं."

मी मुरबाडच्या एका कॉलेजात जिमखान्याचा शिपाई होतो. घर आसनगावच्या बाजूला, नोकरी मुरबाडला, आणि आयुष्य मधल्या रस्त्यावर. कॉलेजात पोरं शिपायाला मामा म्हणतात, तेव्हा आजमितीला मला काही हजार भाचे-भाच्या आहेत आणि एकाच्याही लग्नात मला मामाचा आहेर करावा लागलेला नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझी बायको म्हणते, ह्यांनी सांगितलेल्यातून निम्मं वजा करावं. वाचकांनी तेच करावं. मी सगळं आधीच दुप्पट करून लिहिलं आहे, म्हणजे मेळ बसेल.

तर नव्वदीचं दशक संपत आलेलं. आमचं विद्यापीठ सरकारी आणि अवाढव्य. कुठल्या कॉलेजात काय चाललंय हे विद्यापीठाला कळेपर्यंत ते शिकणाऱ्या पोरांची पोरं शाळेत जायला लागायची. अशा विद्यापीठाला कुणा रिटायर साहेबांनी गोल्फच्या काठ्या भेट दिल्या. भेट आली म्हणून खेळ आला, खेळ आला म्हणून संघ आले: एक पुरुषांचा, एक महिलांचा. संघ आले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मैदान नाही. शहरातल्या क्लबाने मंगळवारी पहाटे तासभर जागा दिली आणि पुढच्या मंगळवारी काढून घेतली. मग सगळ्या कॉलेजांना पत्र गेलं, आपल्याकडे मोकळी जागा किती? आमच्या जिमखान्याच्या शेलार सरांनी त्या रकान्यात लिहिलं, "भरपूर."

शेलार सर म्हणजे मूळचे कबड्डीचे. गोल्फ त्यांनी तोवर फक्त साबणाच्या जाहिरातीत पाहिला होता. पण माणूस जिद्दीचा. नियमांचं पुस्तक मागवलं, आठ दिवस वाचलं, आणि नवव्या दिवशी मला म्हणाले, "मामा, हा आपला गोट्यांचा खेळ आहे. उभं राहून खेळायचा."

आणि ते खरं होतं. ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांना सांगतो. गोट्यांना गल असते ना, तशी जमिनीत गल. चारपाचशे पावलांवरून एक पांढरा बॉल काठीने मारत मारत आणायचा आणि त्या गलीत घालायचा. आमच्याकडे अशा नऊ गली होत्या. सगळ्यांत कमी फटक्यांत जो नऊही गली भरेल तो जिंकला. कमी काम करणाऱ्याला बक्षीस देणारा जगात हा एकच खेळ, त्यामुळे आमच्या स्टाफरूमला तो पाच मिनिटांत समजला. काठ्या पुष्कळ असतात, पण कामाच्या तीन. लांब मारायची जाडजूड, तिला आम्ही मोगरी म्हणायचो. जिचं पातं मागे कललेलं असतं आणि जी बॉल खालून उचलून वर उडवते, ती उलथणं. आणि गलीजवळ आल्यावर बॉल हळूच सरकवायला सपाट तोंडाची, ती ढकलणी.

आता जागा. दिवाळीनंतर भाताची कापणी झाली की आमच्या कॉलेजामागची खाचरं मोकळी होतात, ती उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजायला लागेपर्यंत. खोडकी गुरं चरून टाकतात. म्हणजे मैदान फुकट, गवत कापणारी यंत्रंही फुकट, आणि ती यंत्रं संध्याकाळी दूध द्यायची. मधे मधे बांध, एका बाजूला वालाची शेतं, पलीकडे सिद्धगडाचा डोंगर. प्रश्न एकच होता. गलीच्या भोवतालची जागा गुळगुळीत लागते, तिला ग्रीन म्हणतात, आणि पुस्तकात लिहिलं होतं की ती गवताची असते. शेलार सरांनी आणि मी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं की छापताना चूक झाली असणार. गवतावर बॉल घरंगळणार कसा? बॉल घरंगळायचा तर जमीन हवी खळ्यासारखी.

आणि खळी तर तिथे होतीच. खळं म्हणजे भात झोडायची जागा: चोपून चोपून सपाट केलेली, वर शेणाने सारवलेली, अंगणापेक्षा गुळगुळीत. झोडणी उरकली की खळं रिकामं. मी नऊ खळी हेरली, नऊ घरांना भेटलो, आणि त्या सगळ्यांनी मला एकाच बाईकडे पाठवलं.

ठकूबाई. वय विचारायची कुणाची हिंमत नव्हती. साऱ्या पंचक्रोशीत सारवण बघावं तर तिचं. तिने हात फिरवला की त्या जमिनीत बघून माणसाने भांग पाडावा. सगळं कॉलेज मला मामा म्हणे, एकटी ठकूबाई मला रघ्या म्हणे. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि म्हणाली, "खळं म्हंजे लक्षुमी. खेळा काय खेळायचं ते. पण चपला घालून खळ्यात कोन आला तर तंगडं मोडीन. मग तो इद्यापीठाचा असो नाय तर मंत्रालयाचा."

गलीसाठी तिने आपलं जुनं शेराचं माप दिलं, भात मोजायचं. ते जमिनीत पुरलं तर तोंड अगदी पुस्तकातल्या मापाचं निघालं. बाकी आठ घरांतून आठ मापं आली. त्या वर्षी गावात तांदूळ सगळे वाटीने मोजत होते.

अशा रीतीने विद्यापीठाचं ग्रामीण गोल्फ सराव केंद्र सुरू झालं. आमची पोरं बॉल मारत मारत खळ्यापर्यंत यायची, कडेला चपला काढायची, वाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावायची, आणि मग ढकलणी घेऊन आत. हे गोल्फच्या नियमातच आहे असं त्यांना वाटायचं. आम्ही तो गैरसमज दूर केला नाही, कारण आम्हालाही तसंच वाटायचं.

नियम आम्हाला आमचेही करावे लागले. वालात बॉल गेला तर शेंगा न तोडता शोधावा. बसलेल्या म्हशीच्या पोटाखाली बॉल गेला तर म्हैस उठेपर्यंत थांबावं, तिला उठवू नये. कारण पहिल्या महिन्यात बबन भोईरने उठवली होती. बबन म्हणजे आमच्या पुरुष संघातला हुकमी एक्का. त्याची मोगरी बसली की बॉल असा जायचा की आम्ही चहा सांगायचो, चहा यायचा, कप विसळून व्हायचे, आणि मग बॉल खाली पडल्याचा आवाज यायचा. एकदा त्याचा बॉल धसईच्या बाजारात वांग्यांच्या ढिगावर पडला आणि भाजीवाल्याने तो तीन दिवस पांढरं वांगं म्हणून वर मांडून ठेवला होता. मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण बबन खोटं बोलत नाही, तो माझ्याच हाताखाली शिकलेला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मूळ गोष्ट हौसाची.

हौसा मेंगाळ सिद्धगडाखालच्या एका वाडीतली. कॉलेजला यायची ती दीड तास डोंगर उतरून, मग एस.टी. पकडून. बोलायची कमी, आणि बोलली की समोरच्याचं थोडं कमी व्हायचं. पहिल्या दिवशी मी तिच्या हाती उलथणं दिलं आणि वीस पावलांवर एक टोपली ठेवली. पहिला बॉल टोपलीत. दुसरा टोपलीत. पाचव्या बॉलला मी टोपली तपासली, तिला काही चिकटवलंय का म्हणून. मी विचारलं, कुठे शिकलीस? ती म्हणाली, "शेळ्या राखते मी, मामा." मग तिने समजावून सांगितलं. शेळी वळवायची तर दगड शेळीला लागला नाही पाहिजे. तिच्या नाकापुढे पडला पाहिजे, आणि पडला की तिथेच बसला पाहिजे. घरंगळला तर शेळीच्या पायात जातो आणि शेळी दुसरीकडेच पळते. शेलार सरांनी हे वहीत लिहून घेतलं. पुस्तकात याच फटक्यावर नऊ पानं होती आणि त्यात शेळीचा उल्लेख नव्हता.

महिला संघात तीन जणी लागायच्या. एक हौसा. दुसरी शहापूरची संगीता देसले, कॉमर्सची, प्रत्येक फटक्याआधी श्वास मोजणारी. तिसरी शहरातल्या कॉलेजातली टीना, जिचे वडील गोल्फ खेळायचे आणि जिच्याकडे स्वतःच्या काठ्या, एका हाताचा मोजा, आणि खाली लोखंडी खिळे असलेले पांढरे बूट होते. पुरुषांत चौघे: बबन, आणि शहरातले तिघे, ज्यांची नावं मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या सासरी कळायला नको.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागात एक सबनीस साहेब होते. सज्जन माणूस, पण फाइलीवर फार जीव. त्यांनी पत्र काढलं की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्या केंद्रावर होईल. ज्या संघाचे किमान तीन खेळाडू नऊही गली पूर्ण करून कार्ड देतील तो संघ विद्यापीठातर्फे उत्तरेकडच्या मोठ्या स्पर्धेला जाईल. ज्याचे तीन होणार नाहीत तो संघ त्या वर्षापासून बंद. कार्ड म्हणजे कुठल्या गलीला किती फटके लागले ते लिहायचा कागद. पत्रात 'दोन्ही संघांपैकी' असं लिहिलं होतं, पण रोख कुणावर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पुरुष चार होते, बायका मोजून तीन. एक जरी गळली की महिला गोल्फची फाइल कपाटात.

मी हौसाला विचारलं, बंद झालं तर वाईट वाटेल का? ती म्हणाली, "मला ते गवत बघायचंय, मामा. टीना सांगते, तिकडं गवतावर बॉल घरंगळतो. खोटं बोलते का खरं, ते बघायचंय." ती कल्याणच्या पलीकडे कधी गेली नव्हती. शेतातून उठून माणसं दुबईला जातात, तीर्थाला जातात. पण गवत बघायला उत्तरेत जाऊ इच्छिणारी मुलगी मी तेवढी एकच पाहिली. मी मनात ठरवलं, हिला गवत दाखवायचंच.

आणि मग, हे ठरवून, मी सगळा घोटाळा केला.

शेलार सर म्हणाले होते, साहेब येणार, ग्रीन चकाचक पाहिजे. एरवी आम्ही खळी दोन दिवस आधी सारवून घ्यायचो. पण मला वाटलं, घरी सणाला पाहुणा येणार तर आदल्या दिवसाचं सारवण कुणी दाखवतं का? सारवण पाहिजे त्याच सकाळचं. त्याचा वास पाहिजे. मी नऊ घरी सांगून आलो. ठकूबाई म्हणाली, "रघ्या, धुकं पडतंय, वाळायचं नाय." मी म्हटलं, तू सारव, सूर्याचं मी बघतो.

फटफटायला नऊ बायकांनी नऊ खळी सारवली. अशी सारवली की बघतच राहावं. आणि त्याच सकाळी सिद्धगडावरून धुकं जे उतरलं, ते खाचरांत येऊन मांडी घालून बसलं. साडेआठला विद्यापीठाची बस आली. ड्रायव्हरने उतरतानाच सांगितलं, दीड वाजता निघणार, संध्याकाळी दुसऱ्या संघाला न्यायचंय. आणि खळी अजून तशीच ओली, जशी बाईच्या हाताखालून निघाली होती. प्रत्येक खळ्यावर एकेक बाई काठी घेऊन बसलेली. सारवण ओलं असताना कोंबड्या राखाव्या लागतात, हे आमच्याकडे पोटातून शिकून येतात. त्या बायकांच्या लेखी त्या दिवशी कोंबड्या आणि गोल्फवाले यांत फरक नव्हता.

पहिले मैदानात उतरले पुरुष. सरावाला इकडे कधी न फिरकलेल्या शहरातल्या एका पोराने मोगरी झकास मारली, दुसरा फटकाही चांगला, बॉल पहिल्या खळ्यावर पडला आणि थप्प करून शेणात रुतला. तसूभर पुढे नाही. पोरगा खिळ्यांच्या बुटांसकट तरातरा आत गेला. कडेच्या बाईने म्हशीला करतात तसं "हो, हो" केलं, पण त्याला ती भाषा येत नव्हती. तिसऱ्या पावलाला त्याचे दोन्ही पाय पुढे गेले, बाकीचा तो मागे राहिला, आणि बसल्या बसल्या घसरत तो थेट गलीपर्यंत पोचला. बॉल होता तिथेच. बबनने मला हळूच विचारलं, हा स्वतः गलीत गेला असता तर किती फटके धरले असते?

दुसरा त्याला उठवायला गेला. तोही बसला.

सबनीस साहेबांनी शिट्टी वाजवली. त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात नियमांचं पुस्तक. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. शेलार सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, साहेब, ग्रीन. ते म्हणाले, "हे हिरवं नाही." मी म्हटलं, ताजं असताना होतं.

त्यांनी पुस्तक चाळलं. साचलेल्या पाण्याचा नियम होता, वाळूचा होता, उंदरांच्या बिळांचाही होता. शेणाचा नव्हता. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, खेळता येत नसेल तर स्पर्धा रद्द, कार्डं नाहीत, म्हणजे पत्राप्रमाणे संघ बंद. हे ते रागाने बोलत नव्हते, हेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाला चहा पाजता येतो. आयुष्यात मी खूप थापा मारल्या, पण त्या क्षणी एकही आठवेना.

तेव्हा मागून हौसा म्हणाली, "ओल्यावर पाय नाय द्यायचा, एवढंच ना?"

ती पुढे आली. कडेच्या बाईला म्हणाली, "काकी, तो बॉल टाका इकडं." तो बॉल पदराला पुसून घेतला. खळ्याच्या कडेवर उभी राहिली, उलथणं घेतलं, आणि शेळीच्या नाकापुढे टाकतात तसा टाकला. बॉल वर गेला, खाली आला, आणि शेराच्या मापात टण्ण वाजला. भात मोजायच्या त्या मापाने इतक्या वर्षांत तसा आवाज काढला नसेल.

सबनीस साहेबांनी टोपी काढली, परत घातली. मग उभ्या उभ्या नियम लिहिला गेला: खळ्यावर कोणी पाय ठेवणार नाही, कडेवरून उडवून गलीत घालायचा, रुतलेला बॉल कडेची बाई परत देईल आणि एक फटका जादा धरला जाईल. खाली साहेबांची सही. शेवटचा शब्द खळ्याच्या मालकिणीचा, अशी एक ओळ ठकूबाईने घालायला लावली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ती दोनदा वाचून घेतली.

खेळ पुन्हा सुरू झाला. पुरुषांचं लवकर उरकलं. घसरलेला पहिला पोरगा टॉवेल गुंडाळून बसमध्ये जाऊन बसला, त्याची पँट बांधावर वाळत होती आणि तिच्याकडे एक शेळी बघत होती. दुसरा तिसऱ्या खळ्यावर, असल्या नियमाने आपण खेळत नाही, मी कोण आहे ठाऊक आहे का, असं म्हणाला. कडेच्या बाईने नाही म्हटलं. तोही बसमध्ये गेला. तिसरा मात्र गुणी. गुपचूप नऊही पुरी केली. बबनने मोगरीने शेवटच्या खळ्याच्या पलीकडे तीन खाचरं बॉल घातला, परत उलटा मारत आणला, आणि एकूण फटके सांगताना कॅल्क्युलेटर मागितला. पण कार्ड दिलं.

इकडे संगीता श्वास मोजत मोजत पुरी झाली. हौसाचं तर विचारू नका. प्रश्न टीनाचा. बिचारीला लहानपणापासून बॉल जमिनीवरून सरकवायची सवय. उडवला की हिचा घरंगळायचा, घरंगळला की रुतायचा. प्रत्येक खळ्यावर हौसा तिच्याशेजारी उभी. तिच्या मनगटाला धरून सांगायची, "टाक. मारू नको, टाक. शेळी हाय समज." टीनाने शेळी फक्त ताटात पाहिलेली. तरी पडत झडत आठ गली झाल्या.

नववं खळं ठकूबाईचं. एक वाजून गेलेला. धुकं उठलं होतं, ऊन पडलं होतं, आणि सगळ्यांनी माना वाकवून बघितलं तर खळं वरून वाळल्यासारखं दिसत होतं. ठकूबाईने तळहात टेकवला आणि म्हणाली, अजून नाय. टीनाने उडवला. रुतला. ठकूबाईने परत दिला. पुन्हा. पुन्हा. अकराव्या खेपेला बसचा हॉर्न वाजला. टीनाने काठी टाकली आणि बांधावर बसली. पांढरे बूट आता कुठल्या रंगाचे होते हे सांगत नाही.

"मी नाही खेळत," ती म्हणाली. "मी चालले बसमध्ये."

सबनीस साहेबांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. त्यांच्या पॅडवर महिलांच्या रकान्यात तिसरी ओळ रिकामी होती.

हौसा तिच्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता ही काहीतरी समजुतीचं बोलेल. ती म्हणाली, "तू गेलीस तर मी वाडीत कोनाबरोबर खेळू? शेळ्यांना कार्ड भरता येत नाय."

टीना रडता रडता हसली. नाक पुसलं. म्हणाली, पण मला सरकवताच येतो, उडवता येत नाही, मी काय करू?

मग हौसा उठली, ठकूबाईपाशी गेली आणि नुसती उभी राहिली. ठकूबाईने तिच्याकडे बघितलं, बांधावरच्या पोरीकडे बघितलं, आपल्या खळ्याकडे बघितलं. त्या सारवणावर तिचा सकाळचा सगळा जीव होता. त्यावर तिने आपल्या नातवाला पाय ठेवू दिला नव्हता. आम्ही सगळे खळ्याभोवती जमलो. ड्रायव्हरसुद्धा हॉर्नवरचा हात काढून खाली उतरून आला होता.

"ये गो," ठकूबाई म्हणाली. "बूट काढ नि ये. लेकीच्या पावलाला कवा नाय म्हनलंय मी?"

टीनाने बूट काढले, मोजे काढले. हौसाने केलेलं तिने दोन महिने पाहिलं होतं, तसं वाकून जमिनीला हात लावला आणि कपाळाला लावला. कपाळावर शेणाचा टिळा उठला. एकेक पाऊल टाकत आत गेली, प्रत्येक पावलाचा ठसा मागे. बॉलपाशी उभी राहिली आणि ढकलणीने सरकवला. ओलसर सारवणावरून तो असा चालला जशी एखादी म्हातारी देवळाच्या पायऱ्या चढते. दर वितीला थांबेल असं वाटायचं. मी खोटं सांगत नाही, गलीच्या तोंडाशी तो थांबलाच. ठकूबाईने काठी आपटली. कोंबडी हाकलायला आपटली असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. त्या हादऱ्याने म्हणा, नाहीतर कशाने म्हणा, बॉल आत पडला.

साहेबांनी तिसरी ओळ भरली. मग पुरुषांचा रकाना उघडला, मोजला, परत मोजला. दोन. बबन आणि तो गुणी पोरगा. साहेबांनी आपलंच पत्र खिशातून काढून वाचलं. दोन्ही संघांपैकी. तीन कार्डं. सही त्यांचीच. फार प्रामाणिक माणूस. त्या वर्षी विद्यापीठाचा पुरुष गोल्फ संघ बंद झाला आणि महिलांचा उत्तरेला गेला. बसमधून टॉवेलवाला विचारत होता, काय झालं? कुणी सांगायला गेलं नाही. पुढच्या वर्षी पुरुषांचा पुन्हा सुरू करायला अर्ज आले, तेव्हा शहरातले तेच तिघे खळ्याच्या कडेला अनवाणी उभे होते आणि हौसा त्यांना शेळी समजावून सांगत होती.

मला त्याच आठवड्यात विद्यापीठाची दोन पत्रं आली, एकाच टपालाने. एकात ग्रीनवर शेण टाकल्याबद्दल खुलासा मागितला होता. दुसऱ्यात उत्कृष्ट व्यवस्थेबद्दल अभिनंदन होतं. दोन्हींवर सही एकच. अभिनंदन मी भिंतीवर लावलं. खुलासा अजून द्यायचाय, आणि आता तो हाच समजावा.

ती खळी आज नाहीत. खाचरांचे प्लॉट पडले, तिथे शनिवार-रविवारचे बंगले आहेत. त्यांच्यापुढे गवत लावलंय आणि त्यावर पाणी मारायला माणूस ठेवलाय. त्यातल्या एका गवताखाली ठकूबाईचं शेराचं माप अजून पुरलेलं आहे. कुठल्या, ते मला माहीत आहे, पण गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. टीनाची पावलं त्या वर्षी शिमग्यापर्यंत खळ्यावर होती. ठकूबाई सारवायची ती त्यांच्या कडेकडेने.

उत्तरेतून हौसाचं कार्ड आलं होतं, पोस्टाचं. संघ शेवटून दुसरा आला होता, ते तिने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते नेऊन ठकूबाईला वाचून दाखवलं:

"मामा, गवत बघितलं. टीना खरं बोलते. बॉल घरंगळतो, पण दमतो. मी चपला काढून आत गेले तर सगळे बघायला लागले. मग टीनाने बूट काढले. मग संगीताने. वाकून हात लावला तर ओलं लागलं, म्हणून मी थांबले, पण कोणी ओरडलं नाही. एवढं मोठं हिरवं खळं आणि राखायला एक म्हातारी नाय."

ठकूबाईने कार्ड माझ्या हातून घेतलं, उलटं धरून जरा वेळ बघितलं.

"मंग कोंबड्यांचं काय करतात रे?" ती म्हणाली.